चमचाभर पुण्य

सकाळी उठल्यापासून चहापर्यंत पोहोचायला आमच्या घरात आता पाऊण तास लागतो, कारण वाटेत टोलनाके आहेत. पहिल्या नाक्यावर रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी. ते पिऊन वाकडं झालेलं तोंड सरळ होण्याच्या आत दुसरा नाका येतो, तो भिजवलेल्या चियाचा. चियाचे दाणे स्वतःच्या वजनाच्या दहाएक पट पाणी पितात आणि अंगाभोवती एक बुळबुळीत झगा चढवून बसतात. चावायचं की गिळायचं हे ठरवेपर्यंत ते आपले आपणच घशाखाली गेलेले असतात. बेडकाची अंडी खाल्ली तर अशीच लागत असतील, असं मी एकदा बोलून गेलो. त्या दिवशी घरात बाकी कुणीच चिया खाल्ले नाहीत आणि सगळ्यांच्या वाट्याचे मला मिळाले.

तिसऱ्या नाक्यावर आवळ्याचा रस. चौथ्यावर कोमट पाण्यात हळद आणि वर मिरपूड. ही मिरपूड चवीसाठी नसते. हळदीतलं कर्क्युमिन एकटं आलं तर शरीर त्याला फारसं आत घेत नाही, मिऱ्यातलं पिपरीन ओळखीला सोबत असेल तर घेतं. हे मला मुलीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं, समोर चीज घातलेल्या मॅगीचा वाडगा ठेवून. पाचव्या नाक्यावर मूठभर मिश्र बिया. त्यात भोपळ्याच्या बियाही असतात. माझ्या लहानपणी आई त्या सुपात वाळवायची आणि दुपारभर दाताने सोलून खायची, तेव्हा वडील तिला म्हणायचे, "अगं, लोक हसतील." आता त्याच बिया सोललेल्या आणि बरणीत बंद अशा घरपोच येतात, आणि वडील असते तर किंमत बघून रडले असते.

हे सगळं सुरू झालं माझ्या रक्ताच्या रिपोर्टमुळे. आकडा मर्यादेबाहेर गेला की लॅबवाले तो ठळक अक्षरांत छापतात. माझ्या रिपोर्टात ठळक नसलेलं असं फक्त माझं नाव होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे आणि मग पोटाकडे पाहिलं.

"तळलेलं कमी करा. गोड कमी करा. बसणं कमी करा," ते म्हणाले. आम्ही उठून दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मागून आणखी एक वाक्य टाकलं, "आणि आहारात जरा पौष्टिक गोष्टी वाढवा."

चार वाक्यांपैकी तीन 'कमी करा'ची आणि एक 'वाढवा'चं. आम्ही ते चौथं वाक्य घट्ट धरून घरी आलो. पहिली तीन अजून त्या दवाखान्यातच असतील. माझ्या ओळखीचा प्रत्येक माणूस आपापली 'कमी करा' डॉक्टरांकडेच विसरून आलेला आहे.

वाढवणं सोपं असतं, कारण त्यात काही सोडावं लागत नाही. शिवाय चमचाभर बी खाल्लं की आत कुठेतरी चित्रगुप्त वही उघडून जमेच्या बाजूला नोंद करतोय, असा स्पष्ट भास होतो. माझा दर साधारण असा बसला होता : एक चमचा जवस म्हणजे दोन बटाटेवडे माफ. एक पेला आवळ्याचा रस म्हणजे जिलेबीची एक प्लेट. उपाशीपोटी मेथ्या घेतल्या असतील तर संध्याकाळी भज्यांना हरकत नाही. सकाळी हातात पुण्याची शिल्लक असली की दिवसभर माणूस कसा निर्धास्त वावरतो! पूर्वी मी कांदाभजी अपराधी चेहऱ्याने खात असे, हल्ली खातेदाराच्या चेहऱ्याने खातो.

तसा आपला समाज या व्यवहारात मुरलेला आहे. एकादशी, दुप्पट खाशी हे आपण फार पूर्वी शोधून ठेवलंय, बियांनी फक्त ती सोय रोजची केली.

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा एक कंपू फिरतो. त्यातल्या प्रत्येकाचं सुपरफूड वेगळं आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या सुपरफूडबद्दल शंका. एक निवृत्त तहसीलदार आहेत, ते शेवग्याच्या पाल्याची पावडर घेतात आणि कोकणातली माणसं गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी खातात म्हणून तिकडे सगळे काटक असतात, असं सांगतात. (त्यांचे व्याही मालवणचे आहेत आणि अजिबात काटक नाहीत. पण कागदावर जे आलं नाही ते तहसीलदार मानत नाहीत.) एक बँकवाले ज्यूसवर आहेत. ट्रॅकबाहेर सकाळी कारलं, दुधी, गव्हांकुर यांचे रस घेऊन गाडी उभी असते, तिथे ते श्रद्धेने रांगेत उभे राहतात. मला त्यांनी एकदा दुधीचा रस पाजला. तो कडूजहर होता.

"कडू लागतोय," मी म्हणालो.

"लागणारच. औषध आहे."

मी घरी येऊन वाचलं, तर दुधीचा रस कडू लागला तर तो अजिबात पिऊ नये, विषबाधा होऊ शकते, असं आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेच सांगून ठेवलेलं. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघावा आणि कडू असेल तर फेकून द्यावा. सरकारी समितीने माझ्या जिभेची बाजू घेतल्याचा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग. मी ती माहिती बँकवाल्यांना पाठवली. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवशीपासून कारल्याच्या रांगेत उभे राहू लागले. तिथे कडूपणा नियमात बसतो.

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक सर आहेत, मूळचे रावेरचे. त्यांच्या मते जगातलं पहिलं सुपरफूड केळं. हे ते गावाच्या अभिमानापोटी म्हणतात असं आम्ही समजत होतो, पण सर तपशील घेऊन आले. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला युनायटेड फ्रूट कंपनीने अमेरिकेत केळी खपवण्यासाठी त्यांच्या पौष्टिकपणाची पत्रकं काढली. मग 1924 साली डॉक्टर सिडनी हास यांनी सीलिअ‍ॅकच्या आजाराने खंगलेल्या मुलांना केळ्यांचा आहार देऊन बरं केल्याचं प्रसिद्ध केलं. ती मुलं खरं तर सुधारली ती आहारातून गव्हाचे पदार्थ गेल्यामुळे, पण ते कळायला बरीच वर्षं गेली, तोवर मान केळ्याला मिळाला.

"म्हणजे तिथेही 'वाढवा'च जिंकलं, 'कमी करा' मागे राहिलं," मी म्हणालो.

"आणि आमच्या जळगावच्या केळीला 2016 साली जीआय मानांकन मिळालं," सर म्हणाले. त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

"केळ्याने शुगर वाढते," तहसीलदारांनी निकाल दिला, आणि शंभर वर्षांचा इतिहास ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीतच संपला. केळ्याची खरी अडचण वेगळी आहे. ते हातगाडीवर डझनाने मिळतं आणि त्याला झाकण नसतं. ज्या वस्तूला फिरकीचं झाकण नाही, लेबलावर डोंगर-सूर्य नाही आणि जिची किंमत ऐकून पोटात खड्डा पडत नाही, तिच्यापासून आरोग्य मिळेल यावर आमचा विश्वास बसत नाही. युरोपात 2007 पासून नियम आहे की, नेमका आणि मान्य झालेला आरोग्याचा दावा सोबत नसेल तर पाकिटावर नुसतं 'सुपरफूड' छापता येत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला युरोपचं भय नाही. त्याने गुळाच्या ढेपेवर खडूने 'सुपरफूड' लिहिलंय. शेजारच्या शेवेच्या पोत्याला अजून काही लावलेलं नाही, पण त्याचा हात तिकडे वळताना मी पाहिलेला आहे.

रविवारी हा सगळा कंपू फेऱ्या झाल्या की गंगापूर रोडला मिसळ खायला जातो. नाशिकमध्ये राहून रविवारी मिसळ खायची नाही म्हणजे मग रहिवासाचा दाखलाच रद्द व्हायला हवा. मिसळ आली, पापड आला, दही आलं, जिलेबी आली, की तहसीलदार खिशातून एक चपटी डबी काढतात आणि सगळ्यांच्या तर्रीवर पुडीतून भस्म टाकावं तसे तीळ आणि जवस भुरभुरतात.

"घ्या. आता निवांत खा."

"रस्सा अजून आण रे," बँकवाले पोऱ्याला सांगतात. "यांच्या बियांनी सगळा पिऊन टाकला."

घरी मात्र खरी लढाई झाली ती किनव्यावरून. मुलीने दिवाळीला येताना किनव्याचं पाकीट आणलं. आईने नाव ऐकलं आणि विचारलं, "किनवटचा का?" तिची एक मावशी नांदेडकडे दिली होती.

"नाही आजी. दक्षिण अमेरिका. पेरू, बोलिव्हिया. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे अख्खं वर्ष याच्या नावाने साजरं केलं होतं."

"परदेशी धान्य माझ्या ओट्यावर नको," आई म्हणाली. "आपलं काय वाईट आहे? राजगिरा खा."

इथे मुलीने जरा क्रूरपणा केला. राजगिरा मेक्सिकोकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, मिरची तिकडचीच, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही ब्राझीलच्या बाजूचा, असं एकेक करून तिने आजीचं अख्खं उपवासाचं ताट बोटीत भरून परत पाठवलं. आई थोडा वेळ गप्प बसली. पन्नास वर्षांच्या चतुर्थ्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात.

"असतील तिकडचे," ती शेवटी म्हणाली. "पण ते आले, राहिले, रुळले. याचं कुळ-गोत्र कुणी विचारलंय का?"

"विचारलंय. चाकवताच्या गोत्रातला आहे. अगदी सख्ख्या चुलत घरातला."

हे खरं आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कूळ एकच. पण मुलीला वाटलं आपण वाद जिंकलो, आणि आईला वाटलं आपल्याला पाककृती मिळाली. चाकवत आहे म्हटल्यावर तिने किनवा ताकात शिजवला, त्याला डाळीचं पीठ लावलं, शेंगदाणे घातले आणि वरून लसणाची फोडणी दिली. बोलिव्हियात कुणाला कळलं तर काय होईल ते होवो, पदार्थ चांगला झाला होता.

त्याआधी तो धुताना मात्र रामायण झालं. किनव्याच्या दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो, पाण्यात चोळला की फेस येतो. आईने फेस पाहिला आणि भांडी घासणाऱ्या मावशींना बोलावलं.

"पातेलं नीट विसळलं नाहीस. साबण राहिलाय."

मावशींनी पातेलं बदललं. फेस आला. तेही बदललं. तरी फेस आला. "आजी, तुमच्या धान्यातच साबण हाय," असं म्हणून मावशी रागावून गेल्या आणि दोन दिवस आल्या नाहीत. जेवायला माझा मेहुणा होता. किनवा शिजला की प्रत्येक दाण्यातून एक पांढरी बारीक वेटोळी शेपटी बाहेर येते. मेहुण्याने वाटी उजेडात धरली आणि बहिणीला हळूच म्हणाला, "ताई, अळ्या झाल्यात गं यात. भाऊजींना सांगू नकोस, ते खातायत."

हा मेहुणा स्वतः दोनच सुपरफुडं मानतो : डार्क चॉकलेट आणि रेड वाइन. "द्राक्षाच्या सालीत रेसव्हेरॅट्रॉल असतं. नाशिकमध्ये राहून द्राक्षाचा अपमान करायचा का?" असं तो विचारतो. मुलीने त्याला सांगितलं की, "मामा, प्रयोगात उंदरांना जेवढं देतात तेवढं मिळवायला रोज बाटल्यांवर बाटल्या प्याव्या लागतील."

"एकदम नाही जमणार," मेहुणा म्हणाला. "हळूहळू वाढवतोय."

2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेही भारताच्या प्रस्तावावरून, तेव्हा वाटलं की आता तरी आईची बाजू सावरली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधात एकशेवीसच्या आसपास. आई आयुष्यभर आंबील करत आली. पण आमच्या सोसायटीने जो महोत्सव भरवला त्यात आंबील नव्हती. नाचणीचा ब्राउनी होता, बाजरीचा पिझ्झा होता, ज्वारीचे नाचोज होते. ब्राउनीत लोणी, साखर आणि चॉकलेट यांच्या व्यवहाराला नाचणी केवळ साक्षीदार म्हणून हजर होती. "खा खा, मिलेट आहे," असं म्हणत वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला तीन वड्या दिल्या. आईने ज्वारीची भाकरी आणि ठेचा असा साधा स्टॉल लावला होता. लोक येऊन तिच्या हाताचा फोटो काढत आणि पिझ्झ्याकडे जात.

अव्होकाडोबद्दल थोडक्यात सांगतो. ते झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतं, हे कळताच आईने त्याची हापूससारखी आढी घातली, पेंढ्यात. रोज दाबून पाहत होती. सोमवारी दगड, मंगळवारी दगड. बुधवारी आम्ही एका लग्नाला गेलो. त्याच दुपारी ते पिकलं असावं. गुरुवारी काळं पडलं.

हळदीचंही सांगायला हवं. मुलीने मला पुण्यात एका कॅफेत नेलं आणि तीनशे रुपयांचं हळदीचं दूध पाजलं. मी तिला 1995 सालची गोष्ट सांगितली : जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मंजूर झालं होतं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना त्या संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून लढा दिला आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द करवलं. ते तसंच राहिलं असतं तर लहानपणी माझ्या फुटलेल्या गुडघ्यांवर दाबलेल्या हळदीच्या रॉयल्टीपायी आमचं घर गहाण पडलं असतं. मुलीने ऐकून घेतलं आणि बिल माझ्याकडे सरकवलं. मी भरलं. ही लढाई माशेलकरांच्याही हातातली नव्हती.

इतकं पुण्य साठल्यावर पुन्हा रक्त तपासलं. सगळे आकडे पूर्वीइतकेच ठळक. बायको म्हणाली की आता माहीतगार माणसालाच विचारू. आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या आणि शांत होत्या. शांत माणसांची मला भीती वाटते. त्यांनी आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं : मेथ्या, चिया, आवळा, हळद, बिया, जवस, शेवगा, मखाणे, ताकातला किनवा.

बाईंनी वही वाचली, कागदावर बेरीज केली.

"या वहीप्रमाणे तुम्ही दिवसाला नऊशे कॅलरी खाता."

"हो का? बघा!"

"मग हे पोट कुणाचं आहे?"

बायकोला खोकला आला. मी सांगितलं की वहीत फक्त आहार लिहिलाय, बाकीचं खाणं वेगळं. वडे, भजी, मिसळ हे आहारात कसं धरणार? ते प्रासंगिक असतं.

"मखाणे कसे खाता?"

"तुपात परतून. वर थोडी बारीक शेव."

"आणि जवस?"

इथे मी सावरून बसलो. जवस हा माझ्या खात्यातला सर्वांत मोठा आधार होता. "रोज सकाळी एक चमचा. पाण्याबरोबर."

"कुटून?"

"नाही. अख्खं."

"अख्खं जवस बरंचसं पचत नाही," बाई म्हणाल्या. "जसं जातं तसंच बाहेर येतं. भाजून, कुटून खायचं. चटणी करतात ना, तशी."

म्हणजे गेल्या दिवाळीपासूनचे सगळे वडे उघड्यावर पडले. एकाचीही परतफेड झालेली नव्हती. मी मनातल्या मनात मागचे रविवार मोजायला लागलो आणि मार्चपर्यंत येऊन थांबलो. बाई पुढे काहीतरी सांगत होत्या, तळलेलं कमी करा, गोड कमी करा, असलं काहीतरी, पण माझं लक्ष नव्हतं. मी विचारत होतो की आता कुटून दोन-दोन चमचे घेतले तर मागची बाकी फिटेल का.

पावसाळ्यात बरण्यांनीच निर्णय घेतला. जवसाला खवट वास यायला लागला, मिश्र बियांमध्ये जाळी झाली, शेवग्याच्या पावडरीचा दगड झाला. बायकोने सगळं ओट्यावर मांडलं, तेव्हा मी किमतींची बेरीज करू पाहत होतो, तिने मला बाहेर पाठवलं. दाणे फेकवत नाहीत म्हणून आईने शिळी बाजरी आणि उरलेला किनवा ताटलीत घालून गच्चीत चिमण्यांना ठेवला. तासाभराने पाहिलं तर बाजरी साफ, किनवा तसाच. काही दाणे चोचीने उचलून ताटलीबाहेर टाकलेले.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा. तो कडू थर पाखरांनी खाऊ नये म्हणूनच असतो. तिकडचे शेतकरीसुद्धा म्हणतात, कडू वाण लावलं की राखण करावी लागत नाही."

"म्हणजे आपल्याकडे एवढी पाखरं शहाणी," मी आईला म्हणालो, "आणि आपण..."

पण आई ऐकत नव्हती. तिने ताटली उचलून आत नेली होती आणि नळाखाली किनवा चोळत होती. मावशी दारात उभ्या राहून फेसाकडे बघत होत्या, या वेळी काही न बोलता.

"बिचाऱ्यांना न धुताच घातला मी," आई म्हणाली. तिसरं पाणी काढून तिने दाणे फडक्यावर निथळत ठेवले, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्यांना ताकातला चालेल का रे?"